सोलापूरला मनोरुग्णालय हवं का, आणि आहेत ती कशी सुधारावीत

तुमचा प्रश्न असा: सोलापूर जिल्ह्यासाठी वेगळं सरकारी मनोरुग्णालय मंजूर व्हावं म्हणून तुमच्या भागातले काही जण निवेदन देणार आहेत, त्यावर सही करावी का? आणि राज्यात आज जी मनोरुग्णालयं आहेत त्यांचा कारभार सुधारायचा झाला तर हात कुठे घालायचा? सरकारी मनोरुग्णालयात वॉर्ड आणि कार्यालय या दोन्ही बाजूंना बरीच वर्षं काढली, आता सोलापुरात ओपीडी करतो. तेव्हा आतून जे दिसलं आणि बाहेरून जे दिसतं, ते दोन्ही लिहितो. उत्तर लांबणार आहे.

सही करा, पण मागणी बदलून. तीनशे-चारशे खाटांची इमारत मागू नका. सोलापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, म्हणजे सिव्हिलच्या, मनोविकार विभागाला पुरेशा खाटा आणि पुरेशी माणसं, प्रत्येक तालुक्यात न चुकता मिळणारी औषधं आणि बरं होऊन बाहेर पडणाऱ्यांसाठी राहायची जागा, एवढं मागा. सरकारी मनोरुग्णालय बिघडतं ते बहुतेक वेळा बाहेर जायच्या दारापाशी. आत घेताना कागद होतात, सह्या होतात, पोलीस येतात, नातेवाईक येतात. तोच माणूस बाहेर कसा जाणार हे मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. म्हणून तो आत राहतो, खाट अडते, वॉर्डात गर्दी होते, गर्दीमुळे हाल होतात, आणि मग आपण म्हणतो, खाटा कमी पडतात, अजून बांधा.

राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. पुण्याच्या येरवड्याला मंजूर खाटा 2,540, ठाण्याला 1,850, नागपूरला 940 आणि रत्नागिरीला 365. एकूण 5,695. सोलापूरचा पेशंट येरवड्याला जातो. अंतर अडीचशे किलोमीटर. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून जायचं, भेटून संध्याकाळी निघायचं, म्हणजे दिवसाची मजुरी गेली आणि भाडं वर. यंत्रमागावर किंवा विड्यांवर घर चालणाऱ्या माणसाला हे महिन्याला परवडत नाही. पहिल्या महिन्यात भेटायला येणारे तिसऱ्या महिन्यात फोन करतात आणि वर्षानंतर फोनही येत नाही. त्यांना माणूस नको झालेला असतो असं नाही. घर त्या माणसाशिवाय चालायला शिकलेलं असतं. खोलीत त्याची जागा राहत नाही, रेशनकार्डावरून नाव कमी होतं, धाकट्या भावाचं लग्न ठरतं आणि 'मोठा मुंबईला असतो' असं सोयरिकीत सांगून झालेलं असतं. एवढं झाल्यावर डॉक्टर म्हणतात, 'आता तो बरा आहे, घेऊन जा.' कुठे नेणार?

त्यात भाषेचा प्रश्न. आपल्या पूर्व भागातल्या घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शहराच्या बऱ्याच मोहल्ल्यांत दख्खनी. मानसिक आजारात तपासणी म्हणजे बहुतांशी बोलणंच. रक्त काढून भास मोजता येत नाहीत. तेलुगूत विचार करणाऱ्या बाईला मोडक्या मराठीत 'आवाज येतात का?' असं विचारलं तर ती 'हो' म्हणते, कारण आवाज येतातच की, शेजारच्या पलंगावरची बाई रात्रभर ओरडत असते. केसपेपरवर मग भलतंच लिहिलं जातं. सोलापूरच्या माणसावर होता होईल तो सोलापुरातच उपचार व्हावेत याला माझ्या लेखी हे अंतराइतकंच मोठं कारण आहे.

आता मुख्य मुद्दा, दीर्घकाळ राहिलेले पेशंट. देशातल्या 24 राज्यांमधल्या 43 सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी झाली होती, तिचा अहवाल 2019 साली आला. तिथले 36 टक्के रुग्ण एक वर्षाहून अधिक काळ आत होते. कायदा याच्या नेमका उलट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याचं कलम 19 सांगतं की घर नाही, घरचे घेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणानं कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. अर्धनिवास, संरक्षित निवास वगैरे, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या राहायच्या सोयी, उभारणं हे सरकारवर बंधनकारक आहे. कायद्यात हे सगळं चांगलं लिहिलंय. पण वॉर्डातल्या एखाद्या आजोबांपुढे तो कायदा वाचून दाखवला म्हणून त्यांना बार्शीत खोली मिळत नाही.

नवा अधीक्षक रुजू झाला की त्यानं रंगरंगोटीच्या आधी एक काम करावं, असं माझं मत आहे. एक वर्षाहून जास्त राहिलेल्या प्रत्येक पेशंटची फाइल उघडायची आणि एकच प्रश्न विचारायचा: हा माणूस आज इथे का आहे? उत्तरं साधारण तीन प्रकारची निघतात. काही जण खरोखर आजारी असतात, लक्षणं आटोक्यात नसतात. त्यांची औषधं नव्यानं तपासायची. वर्षानुवर्षं 'सी.टी. ऑल' (सगळं तसंच चालू ठेवा) असा शेरा मारून भासांवरचं तेच जुनं हॅलोपेरिडॉल आणि त्याच्या दुष्परिणामांवरची तीच ट्रायहेक्झी पुढे ढकलली जात असते. दोन औषधांनी गुण न आलेल्या स्किझोफ्रेनियात क्लोझापिन हे औषध द्यायचा विचार व्हायला हवा. तो होत नाही, कारण क्लोझापिन म्हणजे सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजणं आलं, आणि रक्ताचे नमुने वेळेवर जातील, रिपोर्ट वेळेवर येईल, याची खात्री कुणी देत नाही. म्हणजे पेशंट वीस वर्षं आत राहतो ते कधीकधी आजारामुळे नव्हे, लॅबमुळे.

दुसऱ्या प्रकारात माणूस बरा आहे, पत्ता माहीत आहे, घरचे नेत नाहीत. इथे मनोविकार समाजसेवकाचं काम सुरू होतं, आणि अनेक ठिकाणी नेमकी हीच पदं रिकामी असतात किंवा समाजसेवकाला कार्यालयात बसवून आवक-जावक बघायला लावलेलं असतं. घरच्यांना पत्र पाठवून काही होत नाही. 'रुग्ण बरा झाला असून आपण त्यास घेऊन जावे' असं छापील पत्र गेलं की घरचे पत्ता बदलतात. घरी जावं लागतं, दोन-तीनदा. पहिल्या भेटीत फक्त ऐकायचं. तो मारायचा का, किती पैसे बुडाले, आईनं काय सोसलं, हे सगळं बोलून झाल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही. मग जमिनीचा विषय निघतो. सातबाऱ्यावर त्याचं नाव असेल तर कुणाला तरी तो परत यायला नको असतो, हे उघड न बोलता ओळखावं लागतं. अशा वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मदत घ्यायला लाजू नये. कायद्यानं मोफत विधी सहाय्य हा रुग्णाचा हक्क आहे. मग सुट्टीवर पाठवून पाहायचं. कलम 91 प्रमाणे रुग्णाला काही दिवस बाहेर राहण्याची परवानगी देता येते. आठ दिवस घरी, औषधांची पुडी सोबत, रोज एक फोन, आणि बिनसलं तर परत घेऊ असा शब्द. हा शब्द पाळणं फार महत्त्वाचं. 'एकदा नेला की आमच्याच गळ्यात' ही घरच्यांची खरी भीती असते. परत घेऊ म्हणून खरंच परत घेणाऱ्या रुग्णालयातून लोक आपला माणूस घरी नेतात.

बायकांचं अजून अवघड. नवरा दुसरं लग्न करून मोकळा झालेला असतो, माहेरी भावजयीचं राज्य असतं. पुरुषाला निदान शेतावर, दुकानात, देवळात कुठेतरी सामावून घेतात. बाई 'एकदा येडी झाली' की तिला जागा नाही. म्हणून पुनर्वसनाची योजना आखताना बायकांचा आकडा वेगळा मागायचा, नाहीतर सरासरीत त्या दिसेनाशा होतात.

तिसरा प्रकार पत्ताच नसलेल्यांचा, आणि यात आपल्या जिल्ह्याचा वाटा मोठा. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरची वाट, गाणगापूरची रेल्वे लाइन, इथे लोक येतात, हरवतात, काही वेळा मुद्दाम सोडले जातात. वारीनंतर मागे राहिलेला आणि नाव न सांगणारा माणूस पोलिसांच्या हाती लागतो. कलम 100 इथे अगदी स्पष्ट आहे. असा माणूस आजारी आणि स्वतःची काळजी घ्यायला असमर्थ वाटला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून नातेवाईक शोधणं ही ठाणेदाराची जबाबदारी आहे. हा शेवटचा भाग सर्रास विसरला जातो. दवाखान्यात पोचवलं, पोच घेतली, संपलं. शोध पहिल्या पंधरवड्यात झाला तर घर सापडायची शक्यता बरी असते. वर्षानंतर माणूस वॉर्डातलं नावच आपलं म्हणून सांगायला लागतो. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उपचार देऊन देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवण्याचं काम कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशननं केलं, डॉ. भरत वाटवानींना 2018 साली त्यासाठी मॅगसेसे मिळालं. त्यांच्या कामातून दिसतं ते हे की आधी औषधानं माणसाचं बोलणं जुळून यायला लागतं, मग तो गावाचं, नदीचं, शाळेचं नाव सांगतो, आणि त्या धाग्यावरून घर सापडतं. त्याची भाषा कळणारा माणूस मात्र समोर बसलेला हवा.

आणि आधार कार्ड. हे किरकोळ वाटेल, पण माझ्या मते बाहेर पडण्यातला सगळ्यात मोठा सरकारी अडथळा हाच आहे. आधार नाही तर बँकेत खातं नाही, दिव्यांगत्वाचं युडीआयडी कार्ड नाही, संजय गांधी निराधारचं अनुदान नाही, रेशन नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला की बरेच लाभ सुरू होतात. घरी जाणारा माणूस हातात दरमहा काही रक्कम घेऊन गेला तर घरचं बोलणं बदलतं, हे कुणाला कडू वाटलं तरी खरं आहे. म्हणून आधारचं मशीन रुग्णालयात आणायचं, दाखल्याचं शिबिर रुग्णालयातच भरवायचं, खातं आतच उघडून द्यायचं. खर्च नगण्य. लागतं ते तहसीलदार, बँक आणि सिव्हिल सर्जन यांना एका टेबलाशी बसवणं.

आता कारभाराकडे येतो. प्रादेशिक मनोरुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे. अर्धनिवास आणि दिव्यांगांच्या योजना आणखी वेगळ्या विभागांकडे. पेशंट एकच, पण त्याच्या प्रवासातल्या प्रत्येक टप्प्याचा मालक निराळा. येरवड्याहून मोहोळच्या पेशंटला डिस्चार्ज दिला, हे मोहोळच्या ग्रामीण रुग्णालयाला कळायची खात्रीची वाट नाही. त्याची औषधं तिथे आहेत का, हे येरवड्याला माहीत नाही. दोन महिन्यांनी तो पुन्हा भरती होतो आणि दोन्हीकडच्या अहवालात सगळं ठीक असतं. 'सुधारणा' म्हणून मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी हा दुवा निवडीन: डिस्चार्जच्या दिवशी तालुक्यातल्या नेमक्या माणसाला फोन, औषधांची यादी आणि पुढची तारीख. आणि सहा महिन्यांनी किती जण औषधावर आहेत हा आकडा अधीक्षकाच्या कामाच्या मूल्यमापनात.

अधीक्षकपदाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. अनेकदा तो प्रभारी असतो. प्रभारी माणूस निर्णय घेत नाही, फाइल पुढे पाठवतो, आणि त्याला दोष देता येत नाही. कारण खरेदीचे अधिकार तुटपुंजे, दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, माणसं नेमणं मुंबईच्या हाती. संडासाचा पाइप फुटला तर अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा. तोवर त्या वॉर्डातले लोक त्याच संडासात जातात. किमान तीन वर्षांची पूर्ण नेमणूक आणि किरकोळ दुरुस्तीसाठी हातात रोख अधिकार, एवढ्यानं मोठा फरक पडतो. मनोविकारतज्ज्ञ असला म्हणजे चांगला प्रशासक होतो असं नाही. पण वॉर्डात रोज न जाणारा अधीक्षक, मग तो कुणीही असो, चालत नाही.

वॉर्डात जाऊन बघायचं काय? तपासणी समित्या येतात तेव्हा चादरी बदललेल्या असतात, जिन्यावर फिनेलचा वास असतो, पेशंटांना दुपारी केळं मिळतं. ते बघून काही कळत नाही. मी वजनाचा तक्ता मागतो. प्रत्येक पेशंटचं दर महिन्याचं वजन. एखाद्या वॉर्डात बहुतेकांचं वजन उतरत असेल तर जेवण ताटापर्यंत पोचत नाहीये, किंवा तिथे क्षयरोग आहे आणि कुणाच्या लक्षात आलेला नाही. वजन भराभर चढत असेल तर ओलांझापिनसारखी औषधं चालू आहेत आणि साखर, कोलेस्टेरॉल कुणी तपासत नाहीये. वजनाचे आकडे सहा महिने तेच ते असतील तर कुणी वजन केलेलंच नाही, टेबलाशी बसून तक्ता भरलाय. एका कागदात स्वयंपाकघर, फार्मसी, नर्सिंग आणि खोटेपणा हे सगळं दिसतं. हा तक्ता ठेवायला एक काटा लागतो.

मग रात्र. रुग्णालय दिवसा कसंही चालतं, खरं कळतं ते रात्री दोन वाजता. साठ-सत्तर पेशंटांच्या वॉर्डात एक सिस्टर आणि एक परिचर असेल तर बांधणं आणि कोंडणं होणारच, कायदा काहीही म्हणो. कलम 97 प्रमाणे एकांतात कोंडून ठेवायला मनाई आहे. बांधावं लागलंच तर तत्काळ धोका टाळायला दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं, गरजेपुरतं, आणि नोंद करून. साखळी तर पूर्ण बंद आहे. 2001 साली तामिळनाडूत एरवाडीला 28 माणसं साखळीत जळून मेली, त्यानंतर तरी हे सांगायची वेळ यायला नको होती. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता शॉक (मेंदूला विजेचा सौम्य धक्का देण्याचा उपचार) देणं हेही कलम 95 नं बंद केलंय. अडचण कुठे येते? भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस येतो, किंवा येतच नाही. मग ज्याचा जीव शॉकनं वाचला असता, असा न खाणारा, न बोलणारा पेशंट सलाइनवर पडून राहतो. तेव्हा बांधल्याची नोंदवही कोरी दिसली तर खूश होऊ नका. रात्रपाळीची माणसं मोजा आणि मग ठरवा ती वही कोरी का आहे.

परिचरांबद्दल लोक फार कठोर बोलतात. मारहाणीच्या बातम्या येतात, त्यातल्या काही खऱ्या असतात, आणि तिथे कारवाई व्हायलाच हवी. पण पेशंटाजवळ चोवीस तास असतो तो परिचर. डॉक्टर दहा मिनिटं असतो. कंत्राटावर आलेला, प्रशिक्षण न मिळालेला, पगार उशिरा होणारा मुलगा सत्तर लोकांमध्ये उभा केला की तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस हात उगारतो. चिडलेल्या पेशंटशी कसं उभं राहायचं, किती अंतर ठेवायचं, आवाज कसा खाली आणायचा, हे शिकवता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'क्वालिटी राइट्स' पद्धतीनं गुजरातेत सरकारी मनोरुग्णालयांत आणि सिव्हिलच्या विभागांत काम झालं, त्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचा मोठा सहभाग होता. तिथे कर्मचारी, रुग्ण आणि घरचे यांना एकत्र बसवून कुठे काय चुकतंय हे ठरवलं गेलं, आणि सेवेचा दर्जा मोजण्याइतका सुधारला. नागपूरला टाटा ट्रस्ट्सनी 2016 पासून सरकारबरोबर काम केलं तेही बघण्यासारखं. बाहेरची संस्था आली की कामाला हुरूप येतो. ती गेल्यावर काय उरतं, हे आधी ठरवून घ्यावं. पगार त्यांचा आणि पद सरकारचं नाही, अशी सुधारणा तीन वर्षांत विरते.

कपडे आणि केस हा विषय दोन ओळींत. कलम 20 नं सक्तीनं डोकं भादरणं आणि सक्तीचा गणवेश बंद केलाय, केलेल्या कामाचा मोबदला द्यायला लावलाय. तरी 'उवा होतात' म्हणून सरसकट केस कापणं कुठे दिसलं तर विचारा, उवांचं औषध संपलंय का?

मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ हे या कायद्याचं खरं हत्यार. जिल्हा न्यायाधीश किंवा निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, शिवाय मनोविकारतज्ज्ञ, डॉक्टर, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, आणि दोन जागा आजार भोगलेल्या माणसांसाठी, काळजीवाहकांसाठी किंवा संस्थांसाठी. इच्छेविरुद्ध भरती केली तर सात दिवसांत मंडळाला कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. तीस दिवसांपुढे ठेवायचं तर मंडळाची परवानगी. म्हणजे कायद्यानं प्रत्येक लांबलेल्या भरतीपुढे एक परका माणूस उभा केलाय, जो विचारणार: का? मंडळ वेळेवर बसलं, कागदावर न थांबता पेशंटला समोर बोलावून बोललं, तर बाहेर जायच्या दाराला पहारेकरी मिळाला. न बसलं तर तो कायदा कपाटातच. तुमच्या निवेदनात दोन ओळी याच्यावर हव्यात: मंडळाच्या बैठका सोलापुरात व्हाव्यात, आणि काळजीवाहकांच्या जागेवर सोलापूरचा कुणी असावा.

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग ही मनोरुग्णालयं बंदच करा ना. इटलीनं 1978 च्या कायद्यानं ती वाट धरली. ट्रिएस्टमध्ये ते जमलं, कारण दार बंद करायच्या आधी वस्तीत केंद्रं उघडली होती. उलटं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. 2015-16 मध्ये गाउटेंग प्रांतानं खर्च वाचवायला एका मोठ्या कंत्राटी संस्थेतून सतराशेच्या आसपास रुग्ण घाईघाईनं लहान-लहान संस्थांकडे पाठवले. त्यांतल्या 144 जणांचा मृत्यू झाला, भूक, थंडी, दुर्लक्ष. आपल्याकडेही 2019 साली बरे झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं सर्वोच्च न्यायालयाला थांबवायला लावावं लागलं. पेशंट हलवणं म्हणजे पुनर्वसन नव्हे. तिथे त्याचं औषध कोण देणार, चक्कर येऊन पडला तर कोण उचलणार, हे ठरल्यावरच गाडी बोलवायची. तीव्र आजाराचे, न्यायालयानं पाठवलेले, आणि कुठेच सोय न होणारे पेशंट राहणारच. त्यांच्यासाठी मनोरुग्णालयं लागतील, फक्त आजच्यापेक्षा लहान आणि माणसांनी भरलेली. माणसं म्हणजे कर्मचारी.

सोलापूरपुरतं बोलायचं तर अकरा तालुके, 2011 च्या जनगणनेत 43 लाख लोक. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर सगळीकडे आहे. तो जिवंत आहे की नाही हे औषधांवरून कळतं. करमाळ्याच्या पेशंटला रिस्पेरिडोन, म्हणजे स्किझोफ्रेनियावरची नेहमीची गोळी, तिथल्या उपजिल्हा रुग्णालयात मिळत असेल तर तो तीनशे रुपये खर्चून शहरात येणार नाही. दोनदा 'शिल्लक नाही' ऐकलं की तिसऱ्यांदा तो येत नाही, गोळ्या सुटतात, आणि चार-सहा महिन्यांनी चौघे जण त्याला बांधून जीपमधून आणतात. महिन्याला एक डेपो इंजेक्शन (ज्याचा असर आठवडेच्या आठवडे टिकतो) देणं हे गावच्या सिस्टरला जमणारं काम आहे. आशाताईंना पेशंट माहीत असतात. त्यांच्या यादीत तो आला पाहिजे आणि त्या भेटीचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर रात्री-अपरात्री सल्ल्याला बरा, मराठीतून बोलता येतं. पण फोनवरून इंजेक्शन देता येत नाही.

सिव्हिलच्या विभागात कायद्याप्रमाणे इच्छेविरुद्ध भरतीही करता येते. त्यासाठी मनोरुग्णालयच लागतं हा जुन्या कायद्याच्या काळातला समज आहे. बहुतेक तीव्र झटके दोन-चार आठवड्यांत आटोक्यात येतात. तेवढा काळ पेशंट सोलापुरातच राहिला, आई डबा घेऊन येत राहिली, तर तो घरीच जातो. येरवड्याला जायची वेळ फार थोड्यांवर येईल. आणि बाहेर राहायच्या जागेसाठी मोठा प्रकल्प नको. शहरात भाड्यानं घेतलेल्या दोन-तीन खोल्यांच्या घरात चार-पाच जण आणि दिवसा येणारी एक मदतनीस, अशी घरं चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेनं दीर्घकाळ आत राहिलेल्यांसाठी चालवून दाखवली आहेत. शेजारी सुरुवातीला कुरकुरतात. नंतर त्यांच्यातलाच कुणीतरी त्या घरातल्या बाईकडून शेवया करून घेतो.

पैशांचं म्हणाल तर जिल्हा नियोजन समितीतून अशा कामाला निधी मागता येतो. इमारतीला पैसे लवकर मिळतात, पगाराला मिळत नाहीत, हे लक्षात ठेवून मागणी लिहा: भाडं, मदतनीसाचा पगार, औषधं, वाहन, आणि हे किमान पाच वर्षं. कोनशिला बसवायला काही नसल्यामुळे पुढाऱ्यांना यात रस कमी वाटेल. त्यांना दुसरं काहीतरी उद्घाटनाला द्या.

निवेदन देण्याआधी माहिती अधिकारात एक अर्ज टाका. नावं मागू नका, ती गोपनीय आहेत आणि मिळणारही नाहीत. आकडे मागा: सोलापूर जिल्ह्यातले किती स्त्री-पुरुष एक वर्षाहून अधिक काळ प्रादेशिक मनोरुग्णालयात आहेत, त्यांतल्या किती जणांना डिस्चार्जयोग्य ठरवलंय, किती जणांचं आधार आहे, गेल्या वर्षी सोलापूरचे किती जण घरी गेले आणि त्यांतले किती पुन्हा भरती झाले. दुसरा अर्ज जिल्ह्यातल्या आरोग्य यंत्रणेकडे: रिस्पेरिडोन, ओलांझापिन, लिथियम, सोडियम व्हॅल्प्रोएट आणि डेपो इंजेक्शन गेल्या बारा महिन्यांत कोणत्या तालुक्यात किती दिवस शिल्लक नव्हतं. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही तर त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा, पोच घ्या, आणि निवेदनाची तारीख उत्तर हातात येईपर्यंत पुढे ढकला.